नऊ टाक्यांचे अंगरखे

१ तारीख, सोमवार

ही वही माझी नव्हती, आता आहे. नातीला कारखान्यातून दोन मिळाल्या, त्यातली एक तिने माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आजी, दिवसभर मला सांगतेस ते आता यात सांग. माझ्या कानांना जरा सुट्टी." सूनबाई लगेच म्हणाली, "आई, वाणसामान लिहायला बरी आहे हो." मी म्हटलं, वाणसामान तू लिही, मी इतिहास लिहिते.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढे तेहेतीस वर्षं मोठ्या धुलाईखान्यात कपड्यांवर दोऱ्याने खुणा घालत बसले. त्यामुळे अक्षर सुईने चांगलं येतं, पेनाने जरा वाकडं. वाचणाऱ्याने मान वाकडी करावी.

तर आजचा इतिहास असा, की बारा-तेरा दिवसांपूर्वी माझी नात, म्हणजे माझी फटाकडी, काचेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाली! फटाकडी हे नाव मीच ठेवलेलं. दुपट्यात होती तेव्हापासून कधी तडतडेल याचा नेम नाही. आणि आता तिचं काम काय, तर काही फुटू नये म्हणून पहारा करायचा. हसून हसून माझा ठसका आवरेना.

तिथल्या भट्टीला प्रोपेन नावाचा वायू लागतो, तो लोखंडी टाक्यांत भरलेला असतो. फटाकडीने समजावलं, "आजी, हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही. जमिनीवर पसरतो, खड्ड्यात, गटारात जाऊन बसतो, आणि ठिणगीची वाट बघतो." मी म्हटलं, म्हणजे तुझ्या आजोबांसारखा. एकदा बसला की उठायचं नाव नाही, आणि कोणी काही बोललं की भडका.

तिच्या निळ्या कोटाच्या कॉलरीत आतून लाल दोऱ्याने चांदणी काढून दिली. "आजी, मी आता लहान आहे का?" म्हणाली. लहान-मोठ्याचा प्रश्न नाही. खूण घातलेला कपडा परत घरी येतो, हा आमच्या धुलाईमास्तरांचा कायदा.

या वहीत प्रत्येक पानाखाली कारखान्याने एकेक सूचना छापली आहे. आजची: "टाकी नेहमी उभी ठेवावी व साखळीने बांधावी." वाचून होईपर्यंत चहाचं पाणी झालं.

३ तारीख, बुधवार

फटाकडी डबा विसरली. सूनबाई म्हणाली, राहू दे, एक दिवस बाहेर खाईल. मी आपली चपला घालून निघाले. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त.

तिथे तिला काय मान आहे! ती अंगणात आली की माणसं एकमेकांना ओरडून सांगतात, "नियमावली आली रे, विड्या विझवा!" एकजण तर कमरेत वाकून बाजूला झाला. बाकीचे हसत होते, आनंदानेच असणार. दोन आठवड्यांत एवढी पदवी कुणाला मिळते?

अंगणात जाळीचा पिंजरा आहे, त्यात तेरा टाक्या उभ्या, माझ्या खांद्याएवढ्या. फटाकडीने सगळ्यांना साखळ्या घालून घेतल्यात. हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश. जोडावर फेस लावायचा आणि बघत राहायचं, बुडबुडा फुगला तर तिथे गळती. मी म्हटलं, एवढं शिकून शेवटी साबणच हाती आला का गं? घराण्याचा धंदा आहे हो!

मागे एक पत्र्याची शेड आहे, तिला कुलूप. तिथले मुकादम फार सज्जन. मला स्टूल दिलं, पाणी दिलं, विचारपूस केली. मी शिवण करते म्हटल्यावर म्हणाले, "आजीबाई, तुमच्यासारखी हाताची माणसं आता राहिली नाहीत." मला पटलं.

६ तारीख, शनिवार

एक गंमत झाली आहे आणि ती फक्त या वहीलाच सांगायची आहे.

फटाकडी आणि सूनबाई बाजारात गेल्या होत्या. तेवढ्यात मुकादम दारात, खांद्यावर जाड कॅनव्हासचं गाठोडं. म्हणाले, "आजीबाई, टाक्यांना कपडे शिवाल का? धूळ बसते, ऊन लागतं. गळ्याशी मात्र चांगलं बंद हवं, आत काही दिसता कामा नये. म्हणजे, जाता कामा नये."

"किती टाक्या?"

"नऊ. मागच्या शेडमधल्या."

"आणि पुढच्या तेरा काय सावत्र आहेत?"

ते हसले. "त्यांचं नंतर बघू. सतरा तारखेला तपासणी आहे. तोवर तुमच्या नातीला सांगू नका. शेड उघडल्यावर एकदम बघू दे. खूश होईल."

मला गुपित ठेवायची सवय नाही, पोटात दुखतं. पण नातीसाठी दुखलं तर दुखलं. मी म्हटलं, शिवते, पण मापं घ्यायला हवीत. "सगळ्या सारख्याच आहेत हो," म्हणाले. जुळी पोरं सारखी दिसतात म्हणून एकाच्या मापाने दोघांचं शिवाल का? मापाशिवाय मी कात्री धरत नाही, असं स्पष्ट सांगितलं. शेवटी मंगळवारी या म्हणाले. मंगळवारी फटाकडी दिवसभर प्रशिक्षणाला जाणार आहे.

९ तारीख, मंगळवार

टाक्यांनासुद्धा कॉलर असते! वरच्या तोंडाभोवती लोखंडी कडं असतं त्याला कॉलरच म्हणतात. आणि त्या कॉलरीवर काय, तर खुणा! ठोकून काढलेली अक्षरं आणि आकडे. एवढी वर्षं मी कॉलरीत खुणा घातल्या, आणि इथे लोखंडाला कोणीतरी माझ्याआधीच घातलेल्या. मला तर सासरी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मापं खरंच वेगळी निघाली. दोघी जाड, एक कुबडी, बाकीच्या सडपातळ. मुकादम दाराशी उभे होते, घाई करत होते. पण मी प्रत्येकीची खूण कागदावर उतरवून घेतली. नाहीतर कुणाचा अंगरखा कुणाला घातला जाईल, कसं कळणार? इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण चित्र काढता येतं. पहिली: घोड्याचा नाल, मग ४१७, आणि त्याखाली ०३ आडवी रेघ ०९. दुसरी: शिडी, ३८२, खाली ११ रेघ ०७. अशा नऊही. या वहीच्या शेवटच्या पानावर नीट काढून ठेवल्या आहेत.

खुणेचं मला वेड आहे, त्याला कारण आहे. कामाला लागले त्या वर्षी एकदा माझी खूण चुकली. एकाचा लग्नाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेला, आणि नवरामुलगा मामाचा सदरा घालून उभा राहिला. बाह्या कोपरापर्यंत. मास्तर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाई, लोक आपल्या अंगावरचं काढून तुझ्या हातात देतात." त्यानंतर नाही चुकले.

शेडमध्ये वास होता, कुजक्या अंड्यासारखा. पाचव्या टाकीपाशी जास्त. मी पदर नाकाला लावला तर मुकादम म्हणाले, "शेजारून गटार जातं ना, त्याचा." असेल. कारखान्यात एवढी माणसं आणि गटार धुवायला कोणी नाही.

१२ तारीख, शुक्रवार

फटाकडी जेवली नाही. ताटात बोटाने रेघा ओढत बसली. सूनबाईने दोनदा विचारलं तेव्हा बोलली.

"मागच्या शेडमधल्या टाक्या मला दाखवतच नाहीत. मुकादम म्हणतात, चावी हरवली, उद्या देतो. मालक म्हणतात, तपासणीच्या कागदावर तुझी सही हवी, सगळ्या टाक्या मुदतीतल्या आणि धड आहेत म्हणून. न बघता कशी करू?"

"मुदत कसली?" मी विचारलं.

"ठरलेल्या वर्षांनी टाकीची परीक्षा घ्यावी लागते, आजी. लोखंड आतून खराब होतं. परीक्षा झाल्याशिवाय त्यात पुन्हा वायू भरायचा नाही."

सूनबाई म्हणाली, "सही कर आणि मोकळी हो. नोकरी लागून महिना झाला नाही. सगळेच करत असतील."

"आई, भिंतीपलीकडे भट्टी आहे. चाळीस माणसं असतात तिथे."

मी मनात हसत होते. हिला दाखवत नाहीत आणि मला मात्र आतून फिरवून आणलं! सांगावंसं इतकं वाटलं की ओठ दातांत धरले. शेवटी एवढंच म्हटलं, "अगं, तो मुकादम देवमाणूस आहे. त्याच्या शब्दावर कर सही."

तिने ताट बाजूला सारलं. "तूसुद्धा, आजी?" म्हणाली आणि उठून गेली.

पाच दिवसांनी शेड उघडेल तेव्हा कळेल तिला. मग हसू दोघी.

१४ तारीख, रविवार

नऊही झाले. दुहेरी टीप, गळ्याशी नाडी. आणि प्रत्येकाच्या गळ्यात आतल्या बाजूने लाल दोऱ्याने त्या त्या टाकीची खूण. खूण बाहेर मिरवायची नसते. मुकादम येऊन घड्या तशाच उचलून घेऊन गेले. उलटून बघितलं नाही. मनाला जरा लागलं. घोड्याच्या नालाला माझा अर्धा दिवस गेला होता.

१६ तारीख, मंगळवार

आज पानाखालची सूचना वाचली आणि वही मिटून ठेवली. परत उघडली. परत तेच. "टाकीवरील खुणा व तारीख कोणत्याही कारणाने झाकू नये."

कोणत्याही कारणाने.

मी स्वतःला समजावलं, की मी झाकल्या नाहीत, उलट पुन्हा काढल्या. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. गळ्याशी बंद हवं, असं ते का म्हणाले? नऊच का? आणि हरवलेल्या चावीने गेल्या मंगळवारी माझ्यासाठी शेड कशी उघडली? इतके दिवस हा प्रश्न मला पडला नाही. गोड बोलण्यावर भाळायचं माझं वय आहे का?

फटाकडी तपासणीच्या तयारीला कारखान्यातच अडकली आहे. आली की सांगते. गुपित गेलं खड्ड्यात.

१७ तारीख, बुधवार, सकाळ

वाट बघता बघता माझाच डोळा लागला. उठले तर ती येऊन परत गेलेली. सूनबाईने फोन लावला, उचलत नाही. अंगणात फोन नेत नाहीत, तोही नियम तिनेच केलेला.

वही पिशवीत टाकली आहे. चपला घालते.

१७ तारीख, संध्याकाळ

आनंद मावत नाही. क्रमाने लिहिते.

मी फाटकाशी पोचते तोच कारखान्याची गाडी बाहेर निघाली, मला बघून थांबली. चालक म्हणाला, "आजी, तुम्हालाच आणायला निघालो होतो. नियमावलीने बोलावलंय." वाटलं, नातीची नोकरी घालवली मी.

आत शेडपुढे सगळे उभे. मालक, मुकादम, जाड बुटांतल्या तपासनीस बाई आणि माझी फटाकडी, हातात माझा एक अंगरखा, उलटा केलेला.

झालं होतं असं. शेड उघडली, तर टाक्यांवर अंगरखे. फटाकडी म्हणाली, झाकलेल्या टाक्या चालत नाहीत, काढा. मुकादमांनी हसत काढले. खाली टाक्या नव्या रंगाने चकाचक, आणि कॉलरीवर नव्या पाट्या ठोकलेल्या, गेल्याच वर्षीची तारीख. मालकांनी तिच्या हातात पेन दिलं. तपासनीस बाई म्हणाल्या, "पाट्या तर ठीक दिसतात. सही करताय?"

पण तेवढ्यात तिने अंगरख्याची टीप बघितली होती. आमच्या घरातलं पोर कुठलाही कपडा हातात आला की आधी गळा उलटून बघतं. बघितला. लाल दोरा. घोड्याचा नाल, ४१७, ०३ रेघ ०९. पाटीवर ४१७ होतं, पण तारीख भलतीच.

मी पोचले तेव्हा मुकादम म्हणत होते, "एका म्हातारीच्या शिवणावरून कारखाना बंद पाडायचा का? तिला अक्षर तरी येतं का?"

फटाकडी म्हणाली, "अक्षर येत नाही म्हणूनच. जे दिसतं तेच ती काढते. तेहेतीस वर्षांत माझ्या आजीच्या खुणेचा कपडा चुकीच्या घरी गेलेला नाही."

(एकदा गेलाय. पण ते फटाकडीला माहीत नाही, आणि तपासनीस बाईंना कळायची गरज नव्हती.)

बाईंनी मला विचारलं, "आजी, हे कुठून उतरवलंत?" मी म्हटलं, याच कॉलरीवरून, या माणसाच्या समोर, नऊ तारखेला. आणि पिशवीतून ही वही काढली. शेवटचं पान. नऊच्या नऊ. बाईंनी वही आणि अंगरखे शेजारी धरून एकेक ताडून बघितला. मग म्हणाल्या, "पाटी काढा. रंग खरवडा."

खरवडला. खालून घोड्याचा नाल निघाला, इंग्रजीत म्हणे ते 'यू' अक्षर! मग ४१७. मग तारीख, मी काढली होती तीच. बाई म्हणाल्या, "म्हणजे मार्च २००९ ची परीक्षा. हिची मुदत केव्हाच उलटली." शिडीची त्याहून जुनी.

मला तो वास आठवला, आज नव्या रंगाच्या वासाखाली दबलेला. मी म्हटलं, "बाई, त्या पाचवीपाशी अंड्यासारखा वास होता हो. हे म्हणाले गटाराचा."

फटाकडीने हाताने सगळ्यांना मागे सारलं. साबणाची बाटली घेऊन ती एकटी आत गेली, पाचवीच्या तोंडाशी ब्रश फिरवला, आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस फुगला. शेजारी गटार. गटार भिंतीखालून भट्टीकडे जातं.

मग माझी फटाकडी तडतडली. "भट्टी बंद! सगळे बाहेर, फाटकाबाहेर! दिव्याच्या बटणाला हात लावू नका! पळू नका, चाला!" मालक काहीतरी बोलायला गेले तर त्यांनाही म्हणाली, "तुम्हीसुद्धा. बाहेर." आणि चाळीस माणसं, तिला हसणारी, शाळेतल्या रांगेसारखी बाहेर गेली. ती सगळ्यांत शेवटी आली, मोजून.

पुढे खास गाडी आली, माणसं आली, टाक्या नेल्या, गटार तपासलं. दुपारभर सगळे रस्त्यावर उभे होतो. त्या दिवशी वाकून दाखवणाराच विचारत होता, "नियमावलीला विचारा रे, आता आत जायचं का?"

ती तडतडली म्हणून बाकी काही फुटलं नाही. हे वाक्य मी रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं.

१८ तारीख, गुरुवार

आनंद ओसरला आणि खालचं दिसू लागलं. फटाकडीला म्हटलं, "मी झाकणं शिवली गं. आणि सहीसुद्धा करायला सांगितली. तू माझं ऐकलं असतंस तर?"

ती म्हणाली, "नाही ऐकलं ना."

"पण ऐकलं असतंस तर?"

तिने माझी मान धरून स्वतःच्या खांद्यावर टेकवली, मी तिची धरायचे तशी. "आजी, आता प्रत्येक टाकीला कापडी बिल्ला हवा आहे. नंबर आणि तारीख, बाहेरून, मोठ्या अक्षरात. झाकण नाही, नुसता बिल्ला. शिवशील?"

"मापं लागतील," मी म्हटलं.

"दिवसाढवळ्या घे. माझ्यासमोर."

मुकादमांना काढलं. मालकांना नव्या टाक्यांचा खर्च नको होता, म्हणून मुकादमांनी हे सगळं केलं म्हणतात. मालकांना तपासनीस बाईंनी कागद पाठवलाय, त्याचं उत्तर त्यांना द्यायचं आहे. मला त्या स्टुलाची आणि पाण्याच्या पेल्याची आठवण येते. गोड माणूस होता. पण पाचवीजवळ उभा राहून मला गटार सांगत होता, तेव्हा तोही त्याच वासात उभा होता, हे मला अजून उमगत नाही.

सूनबाईने आज सगळ्या आळीला सांगितलं, "आमच्या आई दैनंदिनी लिहितात." वाणसामानाचं नाव नाही.

२३ तारीख, मंगळवार

सकाळी दारात कारखान्याची गाडी. चालकाने एक मोठं गाठोडं उतरवलं आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"काय आहे रे?"

"कोट आहेत, आजी. भट्टीवरच्या माणसांचे. नियमावलीच्या कॉलरीत आतून चांदणी आहे, ती त्यांनी बघितली. विचारलं तर ती म्हणाली, खूण घातलेलं परत घरी येतं." त्याने खाली बघितलं. "तर त्यांनाही पाहिजे म्हणाले. चांदणीच पाहिजे असं नाही, काहीही चालेल."

मोजले. चाळीस. खाली एकेचाळिसावा, तो चालकाचा स्वतःचा.

प्रत्येकाला वेगळी खूण हवी, एकासारखी दुसरी चालणार नाही. पहिल्याला घोड्याचा नाल काढायला घेतला आहे. सूनबाई सुईत दोरा ओवून देते आहे. आज पानाखालची सूचना वाचायची राहिली. संध्याकाळी फटाकडी घरी आली की तिच्याकडूनच वाचून घेईन.